सोलोसाठी बूस्ट पेडल घ्यायचंय: क्लीन बूस्ट, ट्यूब स्क्रीमर की ईक्यू?

कळव्याची_सहातार

नमस्कार मंडळी,

मी कळव्यात राहते, ऐरोलीत नोकरी करते आणि ठाण्यातल्या एका ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवते. आमच्याकडे जुनी-नवी हिंदी गाणी, मधे काही मराठी भावगीतं आणि शेवटाकडे लावणी-कोळीगीतं असतात. स्टेजवर कीबोर्ड, बेस, ऑक्टोपॅड, ढोलकी-ढोलक, दोन-तीन गायक आणि मी.

गाण्याच्या मागे कॉर्ड वाजवते तेव्हा गिटार अगदी बरोबर बसते. पण गाण्यातला गिटारचा पीस आला की मी गायब! बोटं चालताना दिसतात, ऐकू कुणालाच येत नाही. मागच्या कार्यक्रमाचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं, तर माझ्या पीसच्या जागी कीबोर्डचे स्ट्रिंग्ज आणि ढोलकीच वाजतायत. तो पीस मी कितीतरी रात्री बसून बसवला होता, त्यामुळे फार लागलं मनाला.

माझ्याकडे यामाहा पॅसिफिका ११२ व्ही आहे (सोलोला ब्रिजचा हम्बकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप), त्यापुढे बॉसचा ब्लूज ड्रायव्हर बीडी-२ (आवाज थोडा फाडणारं पेडल), त्यापुढे एक डिजिटल डिले (पडसाद देणारं पेडल), आणि मग अॅम्प. ब्लूज ड्रायव्हर बहुतेक वेळ चालूच असतो, गेन (फाटण्याचं प्रमाण) कमी ठेवून. पाचपाखाडीतल्या प्रॅक्टिस रूममध्ये रोलँडचा जेसी-१२० आहे. कार्यक्रमात मात्र साउंडवाले जे आणतील ते. कधी वीस-तीस वॉटचा छोटा अॅम्प, कधी अॅम्पच नाही, डीआय बॉक्समधून थेट मिक्सरला.

सोलोच्या आधी वाकून ब्लूज ड्रायव्हरचा गेन वाढवून पाहिला. आवाज जाड होतो, पण पुढे येत नाही. लेव्हल वाढवायला आणि पीस संपल्यावर परत खाली आणायला वेळच मिळत नाही.

आता एक पेडल घेणार आहे, एकच. ट्रान्स हार्बरच्या गर्दीत गिटारची बॅग आणि पेडलची बॅग घेऊन चढायचं असतं, त्यामुळे मोठा बोर्ड नको. डोक्यात आहेत एमएक्सआर मायक्रो अॅम्प, टीसीचा स्पार्क मिनी बूस्टर, झोटिकचा ईपी बूस्टर, आयबानेझ ट्यूब स्क्रीमर (हाही आवाज फाडणारा) आणि बॉसचा जीई-७ ईक्वलायझर, म्हणजे ईक्यू. काय घेऊ, आणि साखळीत कुठे लावू? गणपतीत कोपरखैरण्याला एका मंडळाचा कार्यक्रम आहे, नंतर दिवाळी पहाट नौपाड्यात. त्याआधी हे मार्गी लागायला हवं.

नेरूळ_ब्लूज

ट्यूब स्क्रीमर घ्या ताई, डोळे मिटून. ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण, टोन मध्यावर, आणि ब्लूज ड्रायव्हरच्या आधी लावा. या पेडलमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या आसपास मिड्सचा (बास आणि ट्रेबलच्या मधल्या भागाचा) उंचवटा आहे आणि खालचा बास कापला जातो. बँडमध्ये गिटार ऐकू येते ती मिड्समुळेच. १९७९ च्या सुमाराला टीएस-८०८ आला, तेव्हापासून जगभरचे लोक सोलोसाठी हेच करत आलेत.

क्लीन बूस्टवर (आवाज न फाडता नुसता मोठा करणारं पेडल) पैसे घालू नका. जो आवाज ऐकू येत नाहीये, तोच थोडा मोठा होऊन पुन्हा ऐकू येणार नाही.

वाशीची_जुनी_तार

ताई, तुमचं ते रेकॉर्डिंगबद्दलचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी भावे नाट्यगृहापासून सोसायटीच्या पूजेपर्यंत सगळीकडे वाजवलंय आणि गिटारवाल्यांची ही तक्रार कायम ऐकत आलोय. बहुतेक जण पेडल कुठलं हा प्रश्न आधी विचारतात. त्याच्याही आधी एक पाहावं लागतं: तुमच्या साखळीत आवाज कुठे फाटतो?

तुमच्या बाबतीत तो ब्लूज ड्रायव्हरमध्ये फाटतो. अॅम्प स्वच्छ आहे. आता बूस्ट ब्लूज ड्रायव्हरच्या आधी लावला, तर ब्लूज ड्रायव्हरला जास्त सिग्नल मिळेल. पण तो आधीच सिग्नलचे शेंडे कापतोय, त्यामुळे आणखी दिलं तर आणखी कापेल. बाहेर येणारा आवाज जास्त फाटलेला, जास्त लांबणारा, जास्त दाबलेला असेल, पण मोठा होईल तो अगदी थोडा. तुम्ही गेन वाढवून पाहिला तेव्हा नेमकं हेच झालं: जाड झाला, पुढे आला नाही. उलट फार फाटलेला आवाज गर्दीत मागे जातो, कारण प्रत्येक सुराचा पहिला ठोका दबतो. ढोलकीच्या शेजारी वाजवताना तर त्या ठोक्याचीच गरज असते.

म्हणून आवाजासाठी बूस्ट ब्लूज ड्रायव्हरच्या नंतर आणि डिलेच्या आधी. डिलेच्या नंतर लावलात तर पीस संपल्यावर पेडल बंद करताच शेवटच्या सुराचे पडसाद एकदम खाली पडतात, कानाला खटकतं. डिलेच्या आधी असेल तर पडसाद आपल्या आवाजात नीट विरतात. डिजिटल डिलेच्या इनपुटला मात्र मर्यादा असते. बूस्ट फार दिला तर तिथेच करकर सुरू होते, तेवढं लक्ष ठेवा.

नेरूळच्या मित्राने सुचवलेली जोडणी चांगलीच आहे, पण ती ट्यूब अॅम्प आधीच तापलेला असतो तेव्हा जास्त शोभते. साठच्या दशकातला डॅलसचा रेंजमास्टर ट्रेबल बूस्टर त्याच जातीचा. ब्रायन मे किंवा रोरी गॅलाघर यांच्या हातात तो गाजला, कारण पुढे व्हॉक्स एसी-३० सारखा काठोकाठ भरलेला ट्यूब अॅम्प होता. साउंडवाल्याच्या छोट्या ट्रान्झिस्टर अॅम्पपुढे तो लावला तर आवाज पातळ आणि किरकिरा होईल. ट्यूब स्क्रीमर घेणारच असाल तर तुम्ही तो ब्लूज ड्रायव्हरच्या नंतर लावून ऐका.

आता किती बूस्ट लागतो ते बघू. मायक्रो अॅम्प २६ डेसिबलपर्यंत देतो, स्पार्क मिनी आणि ईपी बूस्टर २० पर्यंत. एवढ्याची स्टेजवर गरज नसते. सोलोला ४ ते ६ डेसिबल पुरतात. ६ डेसिबल म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज दुप्पट. म्हणजे मायक्रो अॅम्पचा नॉब जेमतेम सरकवायचा. दुकानात लोक नॉब फिरवून "वा, काय आवाज वाढला" म्हणत पेडल घेतात, आणि मग कार्यक्रमात गायकांच्या शिव्या खातात.

छोट्या अॅम्पचं गणित आता बघा, कारण तुमची खरी अडचण बहुधा इथेच आहे. ३ डेसिबल वाढवायला अॅम्पला दुप्पट पॉवर लागते. दुप्पट मोठा वाटावा म्हणून १० डेसिबल हवे असतील, तर दहापट. २० वॉटचा अॅम्प तुम्ही ऱ्हिदमलाच १५-१६ वॉटवर चालवत असाल, तर सोलोला वर जायला जागाच उरलेली नाही. कुठलंही पेडल दाबा, अॅम्प फक्त फाटेल. सोलो वर यायचा तर ऱ्हिदम आधी खाली आणायचा. अॅम्पचा व्हॉल्यूम असा लावा की बूस्ट चालू असताना अॅम्प आरामात असेल. मग बूस्ट बंद केल्यावर जो आवाज उरेल तो तुमचा ऱ्हिदम. सुरुवातीला कॉर्ड फार हळू वाजतायत असं वाटेल. वाटू द्या. गाण्यामागचा ऱ्हिदम तसाच हवा, गायकालाही बरं वाटतं.

आणि आता माझं मत. तुमच्यासाठी मी ईक्यू घेईन. जीई-७ मध्ये सात पट्ट्या आहेत: १००, २००, ४००, ८००, १.६ के, ३.२ के आणि ६.४ के हर्ट्झ. प्रत्येक पट्टी १५ डेसिबल वर किंवा खाली जाते, आणि शेवटी लेव्हलची वेगळी पट्टी आहे, तीही तितकीच. म्हणजे तो बूस्टही आहे आणि शिवाय तुमच्या सोलोला जागाही करून देतो.

जागा म्हणजे काय ते सांगतो. स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची, वरची मोकळी तार ३३० ची. त्या तारेवर बाराव्या पडद्यावर ६५९, आणि तुमच्या पॅसिफिकाच्या बाविसाव्या पडद्यावर सुमारे ११७५. सोलो बहुतेक याच पट्ट्यात असतो. मग १०० हर्ट्झवर सोलोच्या वेळी तुमच्या गिटारमधून काय जातं? हाताचा धक्का, अॅम्पची घरघर, आणि बेस व ढोलकच्या डग्ग्याशी होणारी मारामारी. ते कापलं तर सोलोचं काही जात नाही. ८०० आणि १.६ के वर उचललं तर सूर आणि त्याचा वरचा स्वर दोन्ही पुढे येतात. गायक त्या वेळी गप्प असतो, म्हणून ती जागा मोकळीच असते. सुरुवात अशी करा: १०० ला ६ खाली, २०० ला ३ खाली, ४०० जागेवर, ८०० ला ४ वर, १.६ के ला ४-५ वर, बाकी जागेवर, लेव्हल ३ वर. मग कानाने हलवा.

एक राहिलं. कीबोर्डवाल्याशी बोला. तुमच्या पीसमध्ये त्याने डाव्या हाताचे पॅड्स सोडले, किंवा एक सप्तक वर-खाली नेले, तर त्याचा फायदा कुठल्याही पेडलपेक्षा जास्त. हे प्रेमाने सांगता येतं. त्याच्या पीसला तुम्हीही हात आवरता ना, तसंच.

घणसोली_फेडर

वाशीकर काकांनी लिहिलंय ते मिक्सरच्या बाजूने पूर्ण बरोबर. मी मंडळांचे, सोसायट्यांचे कार्यक्रम मिक्स करतो, त्यामुळे समोरच्या बाजूचं थोडं सांगतो.

१) साउंडचेकला आम्ही गिटारवाल्याला "वाजवा" म्हणतो. तो चार कॉर्ड वाजवतो, आम्ही गेन लावतो आणि पुढे जातो. मग कार्यक्रमात तो बूस्ट दाबतो, चॅनलवर लाल दिवा लागतो, आणि आमचा हात आपोआप फेडर खाली ओढतो. म्हणजे तुम्ही वर गेलात आणि आम्ही खाली आणलं. म्हणून ताई, साउंडचेकला आधी बूस्ट चालू करून सोलो वाजवा. सांगा, "दादा, हा माझा सगळ्यात मोठा आवाज. याच्यावर गेन लावा आणि मला पीसमध्ये हात लावू नका." चांगला माणूस ऐकतो. त्याला गाण्यांच्या यादीत तुमचे पीस कुठे आहेत ते पेनाने खूण करून दिलंत तर तो तुमच्यासाठी एखादा डेसिबल स्वतःहूनही वर देईल.

२) तुमच्या चॅनलवर कंप्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारा) लावला असेल तर तो तुमचा बूस्ट गिळतो. विचारून घ्या. लावलाच असेल तर थ्रेशोल्ड, म्हणजे जिथून तो दाबायला लागतो ती पातळी, वर घ्यायला सांगा.

३) डीआयमधून थेट येता तेव्हा मोठी अडचण असते. गिटारच्या अॅम्पमधला बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही, म्हणून फाटलेला आवाज गोड लागतो. पीएच्या (लोकांसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरच्या) ट्वीटरला असलं काही बंधन नाही. ब्लूज ड्रायव्हर थेट लावला की माशी घोंगावल्यासारखा आवाज येतो. त्यावर बूस्ट दाबला की पुढच्या रांगेतले आजोबा कानावर हात ठेवतात. अशा दिवशी साउंडवाल्याला चॅनलवर हाय बरंच खाली घ्यायला सांगा, डिजिटल मिक्सर असेल तर लो-पास लावून ५ केच्या वरचं कापायला सांगा. तुमचा ईक्यू त्या कामाला लावू नका, नाहीतर तो कायम चालू ठेवावा लागेल आणि सोलोला हाताशी काही उरणार नाही.

४) छोटा का असेना, अॅम्प आला असेल तर त्याला एसएम-५७ माइक लावून घ्या आणि अॅम्प स्वतः कमीच ठेवा. लोकांपर्यंत आवाज पोचवणं पीएचं काम. अॅम्प तुमच्या पायाकडे न ठेवता खुर्चीवर, कानाच्या दिशेने तिरका ठेवा. बरेच जण गुडघ्याला ऐकवतात आणि मग व्हॉल्यूम वाढवत बसतात.

५) दिवाळी पहाटेचं वेगळं. सकाळी ६ च्या आधी लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. नौपाड्यात चहूबाजूंनी इमारती. तिथे मला पीए चढवताच येत नाही. भरपूर बूस्ट घेऊन आलात तरी मी तुम्हाला पुढे देऊ शकणार नाही. तिथे मिड्सच कामाला येतील, म्हणून माझंही मत ईक्यूला. आणि साउंडचेक आदल्या संध्याकाळी करून घ्या, पहाटे वेळ मिळत नाही.

नेरूळ_ब्लूज

५५ डेसिबलचा मुद्दा पटला. मी जिथे वाजवतो तिथे ट्यूब अॅम्प मिळतो, म्हणून मला स्क्रीमर आधी लावणंच जमतं. पण ताई, घरी बसून निवडू नका. घरच्या हळू आवाजात आपल्याला भरपूर बास आणि ट्रेबल असलेला आवाज आवडतो, कारण कमी आवाजात कानाला ही दोन टोकं कमीच ऐकू येतात. स्टेजवर तोच आवाज पोकळ वाटतो. घरी जे नाकातून आल्यासारखं वाटतं, तेच बँडमध्ये छान बसतं.

सोल्डर_वागळे

एक स्वस्तातला पर्याय सांगतो, कारण मला असली सर्किटं बनवायचं वेड आहे. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या माइक मॅथ्यूजने १९६८ च्या सुमाराला एलपीबी-१ काढला. आत एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि एक पॉट (फिरवायचा नॉब). एवढंच! लॅमिंग्टन रोडवर सगळं सुटं मिळतं. माझ्या मते त्यात सगळ्यात महाग पडतो तो पत्र्याचा डबा आणि पायाचा स्विच.

पण हे सर्किट कुठे लावायचं हे फार महत्त्वाचं. त्याचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) कमी आहे, चाळीस किलोओहमच्या आतबाहेर. गिटारच्या पिकअपला थेट जोडला तर पिकअपवर भार पडून चमक मरते. तेच बॉसच्या पेडलनंतर लावला तर काही होत नाही, कारण बॉसच्या पेडलमधून बफर होऊन, म्हणजे दमदार होऊन, आलेला सिग्नल असला भार सहज ओढतो. म्हणजे काकांनी सांगितलेली जागा, ब्लूज ड्रायव्हरच्या नंतर, इथेही योग्य.

आणि यात एक गंमत करता येते. इनपुटचा कपॅसिटर लहान लावला की बास आतच येत नाही. रेंजमास्टरमध्ये हेच केलेलं होतं, ५ नॅनोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर आणि त्यापुढे ओसी-४४ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर. आपण तेवढं टोकाला न जाता मधला आकडा धरायचा आणि कानाने ठरवायचं. दोन-तीन कपॅसिटर एका छोट्या स्विचवर लावले तर हॉलप्रमाणे बदलता येतात. सात पट्ट्यांची सर येणार नाही, पण खिशात मावतं आणि बनवण्याचा आनंद वेगळाच. ताईंना हवं तर मी एक बनवून देईन, सुट्या भागांचे पैसे फक्त.

कळव्याची_सहातार

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

रविवारी पूर्ण बँडसह प्रॅक्टिस होती. आमच्या बेसवाल्या दादांकडे मायक्रो अॅम्प आहे आणि त्यांच्या एका मित्राकडून जीई-७ उसना मिळाला. नेरूळकरांचं ऐकून घरी काहीच ठरवलं नाही. मोबाईल रूमच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ ठेवून रेकॉर्ड केलं. तोच पीस, तीच गिटार, सगळे पूर्ण जोरात.

मायक्रो अॅम्प ब्लूज ड्रायव्हरच्या आधी: हाताला फार सुखाचं वाटलं, सूर लांबतात, बोटं आपोआप सुटतात. रेकॉर्डिंगमध्ये मात्र पीस तिथेच, मागे. काकांनी लिहिलं होतं तसंच.

मायक्रो अॅम्प नंतर, नॉब साधारण घड्याळातल्या नऊच्या जागी: पुढे आला! स्पष्ट पुढे आला. पण त्याच्यासोबत खालचा गडगडाटही पुढे आला. ढोलकवाला म्हणाला, माझा डग्गा ऐकू येईनासा झाला.

जीई-७ नंतर, काकांनी दिलेल्या आकड्यांवर: मला स्वतःला वाजवताना आवाज जरा पातळ, नाकातला वाटला. बाहेर ऐकलं तर प्रत्येक सूर मोजता येत होता. १.६ के मी ५ वरून ३ वर आणलं, कारण ब्रिजचा हम्बकर आधीच तिखट आहे, आणि ६.४ के २ खाली घेतलं, डिलेच्या पडसादांमध्ये सूं ऐकू येत होतं म्हणून. लेव्हल ३ वरच. ढोलकवाल्याने मान डोलावली.

आणि कीबोर्डवाला. मी फक्त एवढंच म्हटलं की या सोळा मात्रांत डावा हात उचलतोस का? त्याने उचलला, आणि खोलीतलं झाकण काढल्यासारखं झालं. आता तो म्हणतो, त्याच्या बासरीच्या पीसला मी कॉर्ड तोडून वाजवायच्या. वाजवीन.

तर जीई-७ घेतेय. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक, जेव्हा २० वॉटचा अॅम्प येईल तेव्हा ऱ्हिदम नेमका किती खाली ठेवू? आणि दोन, पॉवरचं काय करू? आत्ता दोन पेडलना एकाच अॅडॉप्टरची फाटे फोडलेली वायर लावलीय. तिसरं पेडल आलं की घरघर वाढेल का? मंडपात आधीच एलईडी दिव्यांचा त्रास असतो.

सोल्डर दादा, तुम्ही म्हणालात ते सर्किट मला शिकायला आवडेल. बनवून नका देऊ, शेजारी बसून मला बनवू द्या.

वाशीची_जुनी_तार

वाचून जीव सुखावला. डावा हात उचलण्याबद्दल तुमच्या कीबोर्डवाल्याला माझा नमस्कार सांगा.

छोट्या अॅम्पचं: अॅम्पवर गेन किंवा ड्राइव्हचा चॅनल असेल तर तो वापरू नका, क्लीनच ठेवा. जीई-७ चालू करा, बाराव्या पडद्याच्या वर जोरात वाजवा, आणि मास्टर हळूहळू चढवत न्या. जिथे सूर चपटे व्हायला लागतील, म्हणजे तुम्ही जोर लावताय पण आवाज वाढत नाहीये, तिथून थोडं मागे या. तीच तुमची छतरेषा. जीई-७ बंद केला की ऱ्हिदम आपोआप योग्य जागी असेल. आकडा विचारू नका, प्रत्येक अॅम्पचा नॉब वेगळा बोलतो. ऱ्हिदम स्वतःला ऐकू येत नसेल तर मॉनिटरमधून मागा, अॅम्प चढवू नका.

गिटारचा व्हॉल्यूमही वापरा. जिथे नुसती साथ आहे तिथे तो ७-८ वर. ब्लूज ड्रायव्हर हाताच्या जोराला आणि गिटारच्या व्हॉल्यूमला छान दाद देतो, ऱ्हिदम स्वच्छही होतो. पीसच्या आधी करंगळीने १० वर, आणि पायाने जीई-७. पॅसिफिकाचा नॉब करंगळीच्या टप्प्यात आहे, चार दिवसांत हात बसेल.

सोल्डर_वागळे

पॉवरचं मी सांगतो. तिन्ही पेडल ९ व्होल्ट, आतली पिन निगेटिव्ह असेल तर एक फाटे फोडलेली वायर तत्त्वतः चालते. पण डिजिटल डिले आतल्या क्लॉकमुळे वायरवर बारीक शिट्टीसारखा आवाज सोडतो. तो जीई-७ मध्ये शिरला की तुम्ही उचललेल्या मिड्ससोबत तोही उचलला जातो. म्हणून डिलेला वेगळा अॅडॉप्टर द्या, ब्लूज ड्रायव्हर आणि जीई-७ एका वायरवर ठेवा. पुढे पैसे साठले की प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला आयसोलेटेड सप्लाय घ्या. कार्यक्रमाला जाताना जीई-७ साठी एक नवी चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी बॅगेत असू द्या. मंडपातल्या जनरेटरची घरघर आली की अॅडॉप्टर काढून बॅटरीवर चालवायचं, बऱ्याचदा तिथेच सुटका होते. बॅटरी आत असताना इनपुटची केबल जोडलेली राहिली की ती उतरत राहते, कार्यक्रम संपल्यावर केबल काढायची.

एलईडी पारची (स्टेजच्या दिव्यांची) वायर आणि तुमची गिटारची केबल शेजारी-शेजारी नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात. आणि स्टेजवर पिकअपचं कॉइल स्प्लिट करू नका. ११२ व्ही मध्ये टोनचा नॉब वर ओढला की ब्रिजचा हम्बकर सिंगल कॉइल होतो आणि घरघर उचलतो. चालू होण्याआधी तो नॉब आत दाबलेला आहे ना ते बघायचं.

सर्किटसाठी शनिवारी दुपारी या, वागळेत. सोल्डरिंग आयर्न माझ्याकडे दोन आहेत. येताना ब्लूज ड्रायव्हर आणि गिटार घेऊन या, कपॅसिटर तुमच्याच आवाजावर निवडू.

घणसोली_फेडर

कोपरखैरण्याला कुठल्या सेक्टरला आहे कार्यक्रम? त्या दिवशी मी मोकळा असेन तर येऊन मिक्सरवाल्याच्या शेजारी उभा राहतो. पीसच्या खुणा केलेली गाण्यांची यादी मात्र दोन प्रती काढून आणा, एक त्याला आणि एक मला.